लोणारचं तळं, शेगावची गर्दी आणि दहा महिन्यांची चिऊ

बाळ झालं की फिरणं संपलं, असं सगळेच सांगतात. आम्ही ऐकलं नाही. तीन दिवस, एक बाळ, अख्खा बुलडाणा जिल्हा असा बेत केला आणि जे काही झालं, ते तुमच्यापुढे ठेवतेय. हसा, पण निघण्याआधी शेवटची चौकट नक्की वाचा!

ऑफिसात मॅटर्निटी लीव्ह संपवून परत रुजू झाले, त्या दिवसापासून एक वाक्य ऐकत होते. ‘आता काय, पाच-सहा वर्षं फिरणंबिरणं विसरा!’ लिफ्टमध्ये, कॅण्टीनमध्ये, वॉशरूममधल्या आरशासमोर, सगळीकडे तेच. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हो. पण ज्या मुलीने लग्नाआधी हरिश्चंद्रगड तीनदा केलाय, तिला हे असं सांगितलं की डोक्यात तिडीक जाते. लेक दहा महिन्यांची झाली तेव्हा मी ठरवलं, बास! जायचंच.

कुठे? गोवा नको, महाबळेश्वर नको. मेहकरला माझी आजी असते, आईची आई. वय चौऱ्याऐंशी. चिऊ झाल्यापासून तिचा दर आठवड्याला फोन, ‘पणतीचं तोंड कधी दाखवतं?’ मेहकर बुलडाणा जिल्ह्यात. तिथून लोणार पाऊण तासावर. वर शेगाव, खाली सिंदखेड राजा. म्हणजे एका ट्रिपमध्ये देव, इतिहास, विज्ञान आणि आजी! फण्डा एकदम क्लिअर होता. मी एक्सेल शीट बनवली. तीन दिवस, अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ. आजीच्या घरापुढे लिहिलं होतं, ‘रविवार, ४ ते ५’.

हो, एक तास. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

गण गण गणात... आणि रूम गायब

२०२४च्या मार्चचा पहिला वीकेण्ड. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली. डब्यात शिरताक्षणी नवरोबाच्या लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. अर्धा डबा टाळ-चिपळ्या, पताका आणि पांढऱ्या टोप्यांनी भरलेला.

‘काका, सगळे शेगावला?’

‘मग! परवा प्रगटदिन नाही का महाराजांचा?’

झालं! अकरा ठिकाणांच्या शीटमध्ये एक गोष्ट बघायची राहिली होती. पंचांग. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. त्या दिवशी गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले. तिथीने हा दिवस दरवर्षी येतो आणि शेकडो दिंड्या पायी शेगावात येतात. २०२४मध्ये ती सप्तमी नेमकी आमच्या रविवारी येत होती!

गाडीत मात्र चिऊची चंगळ. समोरच्या बर्थवरच्या मावशींनी तिला ताब्यात घेतलं, शेजारच्या आजोबांनी टाळ हातात दिला. ती रात्री बारापर्यंत टाळ वाजवत होती. अख्ख्या डब्याला जागरण! कोणी एका शब्दाने बोललं नाही. विमानात असं झालं असतं तर? नजरांनीच मेलो असतो.

शेगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा उजाडलंही नव्हतं आणि तरी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नव्हती. आमचं लॉजचं बुकिंग फोनवर ‘एकदम कन्फर्म’ होतं. काउण्टरवरच्या मुलाने शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, रूम तर काल रात्रीच दिली.’ नवरोबा भांडला, मी भांडले, चिऊनेही आपल्या परीने भोकाड पसरून पाठिंबा दिला. रूम मिळाली नाही ती नाहीच. शेवटी एका चहावाल्याच्या बाकड्यावर बसून मी दहा महिन्यांच्या बाईचा डायपर बदलला. मॅनेजरला सांगू का, अख्ख्या क्वार्टरचं रिपोर्टिंग याहून सोपं असतं.

समाधीच्या दर्शनाची रांग बघितली आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. काही तासांचा मामला. पण शेगावची शिस्त ऐकून होते, ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. पांढऱ्या कपड्यातला एक सेवेकरी स्वतःहून पुढे आला. वयाने माझ्या बाबांएवढा. म्हणाला, ‘माऊली, लेकरू लहान हाय. मुखदर्शनाची रांग छोटी असते, तिकडून जा.’ इथे सगळे एकमेकांना ‘माऊली’च म्हणतात. कॉर्पोरेटवाल्यांनी कस्टमर सर्व्हिसचं ट्रेनिंग इथे घ्यावं. एवढी गर्दी, पण ढकलाढकली नाही, जमिनीवर कागदाचा कपटा नाही. दुरून का होईना, मुखदर्शन झालं. चिऊने महाराजांकडे बघून जोरात जांभई दिली. चालतं, तेही आपलेच.

बाहेर आल्यावर शेगाव कचोरी. गरम, आतून तिखट, सोबत तळलेली मिरची. दोन-दोन खाल्ल्या. ‘चिऊला जरासं कव्हर चाटायला देऊ?’ असं नवरोबा म्हणाला आणि मी ‘नको’ म्हणेपर्यंत दिलंसुद्धा! पुढची वीस मिनिटं काय झालं ते सांगत नाही. शेगावच्या त्या चौकात ज्यांनी ऐकलं, त्यांना माहीत आहे.

दैत्यसूदनाच्या अंधारात

ठरवलेली गाडी आली आणि खामगाव-मेहकर मार्गे लोणार गाठलं. वाटेत मेहकर लागलं. आजीचं घर रस्त्यापासून दहा मिनिटांवर. नवरोबा म्हणाला, ‘जाऊन येऊ?’ मी शीट बघितली. ‘आजी उद्या चारला आहे.’ गाडी पुढे गेली.

लोणारला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. रूमवर सामान टाकून आम्ही गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेलो. लोणारला जाणारे बरेच जण तळं बघतात, फोटो काढतात आणि परततात. हे मंदिर चुकवतात. चुकवू नका! लवणासुर नावाच्या राक्षसाला विष्णूने इथे मारलं, अशी कथा आहे. त्या लवणासुरावरून लोणार. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर शिल्पंच शिल्पं आणि आतल्या छतावरही कोरीवकाम. आत मिट्ट अंधार. मोबाइलचा टॉर्च लावून वर बघायचं.

आत शिरलो आणि चिऊने नेहमीचा ‘आऽऽ’ लावला. दगडी मंडपात तो घुमून परत आला. ती चपापली. पुन्हा ‘आऽऽ’. पुन्हा उत्तर. मग काय, पंधरा मिनिटं मैफल! आमच्यामागून आलेलं एक कॉलेजचं टोळकं ‘वन्स मोअर’ म्हणत तिच्याभोवती बसलं. तीन दिवसांतला सगळ्यात भारी वेळ तो होता आणि गंमत म्हणजे शीटमध्ये त्याला फक्त दहा मिनिटं होती.

रात्री काठावरून तळ्याकडे पाहिलं. काळोख, रातकिडे, कुठूनतरी मोराची ओरड. नवरोबा म्हणाला, ‘उद्या सकाळी सातला खाली उतरू. उन्हाच्या आत वर.’ मी शीटवर टिक केली.

एका उल्केने केलेला खड्डा

आता थोडं ज्ञान. लोणारचं विवर उल्का आदळून तयार झालंय, तेही काळ्या बेसॉल्टमध्ये. जगात असं विवर फार दुर्मीळ. आपला चंद्र आणि मंगळ यांच्यावरचे खड्डेही अशाच खडकातले, म्हणून शास्त्रज्ञांना लोणारचं एवढं कौतुक. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १३७ मीटर. म्हणजे परळचा एखादा पंचेचाळीस मजली टॉवर आत उभा केला, तर गच्ची जेमतेम काठाला लागेल. वय? शाळेत आपण ५० हजार वर्षं वाचलं होतं. नंतर आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. गावकऱ्यांना आणि पुराणांना अर्थातच आधीपासून माहीत होतं.

पाणी खारट आणि शिवाय अल्कधर्मी. साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत. जून २०२०मध्ये ते अचानक गुलाबी झालं होतं, आठवतंय? लॉकडाउनमध्ये सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होतं. पाणी आटून क्षार वाढले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

नवरोबाला गुलाबी तळ्यापुढे चिऊचा फोटो हवा होता. तळं हिरवं होतं. ‘फसवणूक आहे ही,’ असं तो काठावर उभा राहून पाच मिनिटं म्हणत होता.

सातचे दहा

कुठलंही बाळ असलेलं घर सातला निघत नाही. हे विज्ञान आहे. सहाला उठलो. चिऊ साडेसहाला पुन्हा झोपली. आठला उठली. नाचणीची खीर निम्मी पोटात, निम्मी माझ्या केसांत. आंघोळ. मग पुन्हा डायपर. उतरायला सुरुवात केली तेव्हा दहा वाजून गेले होते.

स्ट्रोलर आणला होता! बाराशे रुपये जास्त देऊन घेतलेला, ‘ऑल टेरेन’ लिहिलेला. पहिल्या दगडी पायरीवरच त्याचं टेरेन संपलं. तो गाडीत ठेवला आणि चिऊला कॅरिअरमध्ये घालून नवऱ्याच्या छातीला बांधलं. तिची बॅग माझ्या खांद्यावर.

निम्म्या वाटेवर वानरांची टोळी. मी बॅग जरा खाली टेकवली, केळं काढायला. एका मोठ्या हुप्प्याने येऊन केळं घेतलं, बिस्किटांचा पुडा घेतला आणि जाता जाता बॅग उलटी केली. थर्मास दगडांवरून टपटप करत खाली गेला. चिऊ खदाखदा हसली. आम्हीही हसलो. थर्मासमध्ये तिचं उकळलेलं पाणी होतं. आमच्याकडे उरली एक अर्धी बाटली, ती आम्हा दोघांची.

तिथे मागे फिरायला हवं होतं. दोघांनाही कळत होतं. कोणीच बोललं नाही. मी मनात म्हणत होते, आलोच आहोत इतक्या लांब. आणि खरं सांगू? मला तो लिफ्टमधला आवाज ऐकू येत होता, ‘आता विसरा.’

खाली झाडी दाट आहे, सावली आहे. काठाशी कमळजा देवीचं देऊळ. तळ्याजवळ गेलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. चिऊ झोपली होती. ‘किती गुणी आहे गं,’ नवरोबा म्हणाला. आम्ही फोटो काढले. खूप फोटो काढले. मग चढायला लागलो, तेव्हा बारा वाजत आले होते.

मधल्या एका वळणावर मी सहज तिच्या डोक्याला हात लावला. चटका बसला. चेहरा लालबुंद. ‘चिऊ, ए चिऊ!’ तिने डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. रडलीसुद्धा नाही. जी पोर डायपर बदलताना अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेते, ती रडली नाही. माझ्या पायातलं त्राणच गेलं.

वरून एक बाई उतरत होत्या. हातात ओटीचं ताट, कमळजेला निघालेल्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं. ‘सोडा तिले आधी! काहून एवढं आवळून बांधलं? तुमच्या अंगाची आग, वरून उनाची आग. लेकरू भाजून नाही निघणार?’ पट्टे सोडले. तिला सावलीत घेतलं. अंगातला टी-शर्ट काढला. फुल बाह्यांचा, ‘सन प्रोटेक्शन’ म्हणून मीच घातलेला. बाईंनी आमची उरलेली बाटली घेऊन पदराचं टोक भिजवलं, तिचं अंग, मान, काखा पुसल्या आणि ताटानेच वारा घालत राहिल्या. नारळ, हळदीकुंकू सगळं खाली मातीत ठेवलेलं. देवी थांबली होती.

पाच-सात मिनिटांनी चिऊ कुरकुरली. मग रडली. तो रडण्याचा आवाज माझ्या कानांना आजवरचं सगळ्यात गोड गाणं वाटला. बाई म्हणाल्या, ‘आता वर जा, दवाखान्यात दाखवा. मागं पाहू नका.’ मी त्यांचं नावही विचारलं नाही.

शूचा सोहळा

वर कसे आलो, आठवत नाही. गावातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. छोटा दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग. चिऊचा ताप १०२. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘शू कधी केली शेवटची?’

मी आठवायला लागले. सकाळी आठला डायपर बदलला. त्यानंतर... कोरडाच होता. पाच तास होत आले. आपल्या अॅपमध्ये आपण बाळाची झोप नोंदवतो, वजन नोंदवतो, पहिला दात कधी आला तेही. आणि मला हे सांगता येईना.

‘उन्हामुळे झालंय. वेळेत आणलंत,’ ते म्हणाले. ओलं फडकं, पंखा आणि ओआरएस. ‘एकदम पाजू नका. चमचा-चमचा, दर दोन मिनिटांनी. शू झाली की मला सांगा.’ सुई नाही, सलाइन नाही. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं चमचा घेऊन बसलो.

आणि भांडलो. हळू आवाजात, दात ओठ खात. ‘तुझी शीट.’ ‘तुझे फोटो.’ ‘तुला सगळ्यांना दाखवायचं होतं.’ ‘तुला नव्हतं?’ बाळ झाल्यापासून जे दहा महिने साचलं होतं, ते सगळं त्या बाकावर बाहेर आलं. कोण रात्री उठतं, कोण ऑफिसातून वेळेवर येतं, कोणाचं आयुष्य किती बदललं. शेवटी मी रडायला लागले. म्हटलं, ‘लोक बरोबर म्हणत होते. मी नकोच होतं यायला.’ नवरा काहीच बोलला नाही. माझ्या हातातून चमचा घेतला आणि पुढचा त्याने भरवला. मग म्हणाला, ‘थर्मास पडला तेव्हाच मला म्हणायचं होतं, परत फिरू. तुझा हिरमोड होईल म्हणून बोललो नाही.’ मीही त्याच्यासाठीच बोलले नव्हते, गुलाबी तळं हुकलं म्हणून! दोघं एकमेकांचा हिरमोड टाळत बसलो आणि पोरीला उन्हात फिरवलं.

साधारण दीड तासाने नवरा एकदम ओरडला, ‘झाली! झाली!’ त्याची पॅण्ट ओली झाली होती. अख्खा दवाखाना हसला. डॉक्टर केबिनमधून बाहेर आले, चिऊच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, ‘पास.’ माझं बारावीचं पर्सेण्टेज ऐकून घरच्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

रविवार, चार ते...

मेहकरला पोचलो तेव्हा शीटप्रमाणेच चार वाजले होते. एवढी एकच वेळ आम्ही पाळली.

आजी ओट्यावरच बसलेली. काही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. चिऊला घेतलं, मधल्या खोलीत फरशीवर गोधडी टाकून झोपवलं, उंबऱ्यावर ओलं पोतं टाकलं. खोली गार. चिऊ दोन तास झोपली. मीही तिच्या शेजारी.

संध्याकाळी आजीला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. आजी म्हणाली, ‘मी साठ वर्षं इथं राहते. लोणार किती वेळा पाह्यलं असंल?’

‘किती?’

‘एकदा. नवरात्रात, कमळजेच्या यात्रेला. तुझी माय कडेवर होती, वरसाची पण नसंल. काठावर गेलो अन् तिनं जे रडणं मांडलं! तुझे आजोबा म्हणाले, चाल उतरू, एवढं आलो त. मी म्हटलं, नाई. वरूनच हात जोडले.’

‘वाईट नाही वाटलं?’

‘वाटलं न. परत जाऊ म्हटलं. राह्यलं ते राह्यलंच.’ मग चिऊच्या पायाला तेल लावत म्हणाली, ‘तू गेली, ते बरं केलं. पण बाई, तळं कुठं पळून चाललं व्हतं?’

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. सोमवारची रजा होतीच. आजीने ज्वारीची भाकरी आणि झुणका केला, चिऊला मुगाच्या डाळीचं पाणी. सकाळी चालत जाऊन शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं. काळ्या पाषाणातली ती भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. आजी चिऊला घेऊन बाहेरच्या सावलीत बसली आणि आम्ही दोघं आत गेलो. मग आम्ही बाहेर आणि आजी आत. बाळ घेऊन फिरायची ही इतकी सोपी युक्ती कुठल्याच ट्रॅव्हल शोमध्ये कशी सांगत नाहीत?

अकरा ठिकाणांपैकी सात खोडली. उरलं एक, सिंदखेड राजा, कारण ते जालन्याच्या वाटेवरच होतं आणि रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस जालन्याहून पकडायची होती. ऊन उतरल्यावर निघालो. १२ जानेवारी १५९८ला जिजाऊंचा जन्म झाला, तो लखुजीराव जाधवांचा वाडा. केवढा तो दरवाजा! मी मुंबईहून चिऊसाठी छोटी नऊवारी आणि नथ नेली होती, जिजाऊंच्या जन्मस्थानी फोटो म्हणून. गाडीतच नेसवायला घेतली. तिने नथ ओढली, काष्टा सोडवला, पदर तोंडात घातला. कालची मी असते तर तिला रडवून फोटो काढला असता.

‘राहू दे,’ मी म्हटलं.

तर आमच्याकडे जो फोटो आहे, त्यात राजवाड्याच्या त्या भल्यामोठ्या दारात दहा महिन्यांची एक बाई फक्त डायपर आणि टोपडं घालून बसलीय, हातात आजीने दिलेलं लाकडी चमचं. मागे नवरोबाचे पाय दिसतायत. मोती तलावाचा दगडी बांध गाडीतूनच पाहिला. चांदणी तलाव, रंगमहाल, लखुजीरावांची भव्य समाधी, सगळं राहिलं. १६२९मध्ये निजामशाही दरबारात देवगिरीच्या किल्ल्यात लखुजीराव आणि त्यांच्या मुलांची हत्या झाली. ती गोष्ट नवऱ्याने मला गाडीत सांगितली, चिऊला थोपटता थोपटता. ती ऐकून नाही, पण झोपली.

ऑफिसात मंगळवारी सगळ्यांनी विचारलं, ‘कसं झालं? काय काय पाहिलं?’ मी म्हटलं, एक मंदिर नीट पाहिलं. एक तळं पाहिलं, पण त्याचं काही आठवत नाही. आणि आजी पाहिली. पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. फक्त मेहकर. चार दिवस. एका सकाळी सातला (खरंच सातला!) लोणारच्या काठावर गेलो. आजी, आई, मी आणि चालायला लागलेली चिऊ. कोणीच खाली उतरलं नाही. वरूनच हात जोडले.

चौकट : बाळाला घेऊन निघताय?

* पंचांग बघा. शेगावला प्रगटदिन (माघ वद्य सप्तमी), सिंदखेड राजाला १२ जानेवारी, लोणारच्या कमळजेला नवरात्र. गर्दीचा अनुभव हवा असेल तर जरूर जा, पण तान्ह्या बाळाला घेऊन नको.
* सीझन. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. विदर्भाचं ऊन मार्चमध्येच चढतं. ११ ते ४ बाळ सावलीतच हवं.
* विवरात उतरायचं तर सकाळी लवकर, आणि पाळीपाळीने. एक जण बाळाजवळ काठावर, एक जण खाली. उतरणं सोपं, चढणं नाही. अलीकडे तळ्याची पातळी वाढलीय, तेव्हा कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाता येतंय का, ते आधी विचारा.
* तळ्याच्या पाण्यात बाळाचे हातपाय बुडवू नका. ते क्षारयुक्त आहे.
* कॅरिअर उन्हात बाळाला अधिक तापवतो. दर वीस मिनिटांनी बाहेर काढा, सुती सैल कपडे घाला. ‘गुणी झोपलंय’ असं वाटलं तरी मानेला हात लावून बघा.
* पाणी दोन बॅगांत विभागून. वानरं एकच बॅग उलटी करतात.
* सहा तासांत डायपर ओला झाला नाही, बाळ मलूल वाटलं, तर ठिकाण अर्धवट सोडा आणि डॉक्टर गाठा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दूध देत राहा, बाकी काही द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.
* कसं जाल? मुंबईहून शेगावला थेट रेल्वे. सिंदखेड राजा आणि लोणारसाठी जालना सोयीचं. गाडीने गेलात तर समृद्धी महामार्गावरून सिंदखेड राजा आणि मेहकरला उतरता येतं. बाळाला मांडीवर नको, कार सीटमध्येच.
* आणि हो, आजीला एक तास देऊ नका.